लसणाच्या वासाचा दगड : कप्पतगुड्डाच्या सांगली खाणीचं एक प्रकरण

"काका, दगड मुशीत घातलाय, पण लसणासारखा वास येऊलाय. सोनं तापलं की असा वास येतो काय?"

शहापूरच्या सराफ गल्लीतून पुतण्याचा फोन होता. संध्याकाळचे सात वाजले असतील. मी त्याला पुढचं बोलूच दिलं नाही. "गॅस बंद कर. मूस आहे तिथं राहू दे, हात लावू नको. दारं उघड आणि पोरांना घेऊन गल्लीत ये. आत्ताच्या आत्ता."

सोन्याला वास नसतो, गारगोटीला, म्हणजे क्वार्ट्‌झलाही नसतो. दगड तापवल्यावर लसणाचा वास आला तर त्यात आर्सेनिक आहे, हे भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. लोखंड, आर्सेनिक आणि गंधक यांचं मिळून जे रुपेरी खनिज होतं त्याला आर्सेनोपायराइट म्हणतात. ते तापलं की पांढरा धूर निघतो, आणि तो धूर थंड पृष्ठभागावर बसला की जी पांढरी भुकटी उरते तिला आपल्याकडे पूर्वीपासून सोमल म्हणतात. जुन्या काळी उंदीर मारायला जो वापरायचे तोच. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या प्रत्येक सोनाराला सोमल ओळखता यायचा. पुतण्याच्या पिढीला तो कधी बघावाच लागलेला नाही, त्यामुळे चूक त्याची एकट्याची नाही, आम्हा मोठ्यांचीही आहे.

त्या दिवशी एका कारागिराचं डोकं रात्रभर दुखलं. डॉक्टरांना दाखवलं, दुसऱ्या दिवशी तो बरा होता. दार उघडं होतं आणि दगड मुठीएवढाच होता म्हणून निभावलं. हे सगळं लिहून काढायचं मी ठरवलं ते त्यासाठीच. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात सोनाराची दुकानं कमी नाहीत आणि 'जुन्या खाणीतला माल' घेऊन फिरणारी माणसंही कमी नाहीत.

दगड आला कुठून?

एक दलाल दुकानात आला होता. सोबत दहा किलोचं पोतं, त्यात पांढऱ्या-तांबूस क्वार्ट्‌झचे तुकडे, त्यांच्यात पिवळे चमकणारे कण. एका प्रयोगशाळेची चिठ्ठीही होती : टनाला १८ ग्रॅम सोनं. माल गदगजवळच्या कप्पतगुड्डाच्या 'सांगली माइन'चा आहे, खाणीबाहेर शंभर वर्षांपूर्वीचा राडा, म्हणजे खोदून टाकलेला दगड, ढिगानं पडलाय, त्यातला हिस्सा सहा लाखांत मिळेल, असं त्याचं म्हणणं. पुतण्या शहाणा आहे, लगेच पैसे दिले नाहीत. घरात विचारलं. पण 'सांगली' हे नाव ऐकून माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, विरघळले. "अरे, आपल्या संस्थानची खाण ती! त्यात खोटं कसं असेल?"

अण्णांच्या बोलण्यातलं 'आपलं संस्थान' बाहेरच्या वाचकाला कळणार नाही, म्हणून सांगतो. आज शहापूर म्हणजे बेळगाव शहराचा एक भाग. रेल्वेच्या अलीकडे बेळगाव, पलीकडे शहापूर. पण १९४८ सालापर्यंत शहापूर इंग्रजांच्या ताब्यात नव्हतं, सांगलीच्या पटवर्धनांकडे होतं. सांगली संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. मिरजप्रांत, कुची, मंगळवेढा, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी असे सहा तालुके इकडे-तिकडे विखुरलेले होते. यातलं शिरहट्टी आज गदग जिल्ह्यात आहे आणि कप्पतगुड्डाचा डोंगर त्याच्या शेजारीच उभा आहे. त्यामुळे पेशवाईतल्या जहागिरीच्या वाटणीनं शहापूरचे सोनार आणि कप्पतगुड्डाचं सोनं एकाच सरकारच्या दप्तरात आले. खाणीचं सांगली हे नाव त्यातूनच आलं. अण्णा म्हणाले ते नावापुरतं खरं होतं. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं, तोवर खाण बंद पडून एक पिढी उलटली होती.

खरी खाण असणं वेगळं आणि तिचा राडा सहा लाखांचा असणं वेगळं. अण्णांशी वाद घालण्यापेक्षा एकेक गोष्ट तपासायची असं मी आणि पुतण्यानं ठरवलं.

पहिली तपासणी घरातच झाली, तीही सोनाराच्या हत्यारांनी. कसोटीच्या दगडावर तो पिवळा कण घासला. सोनं असतं तर पिवळी रेघ उठली असती. इथं हिरवट काळी उठली. ऐरणीवर ठेवून हातोडी मारली, तर कण पसरला नाही, भुगा झाला. ही सोनमाखी, म्हणजे पायराइट, लोखंड आणि गंधकाचं खनिज. चकाकी बघून माणूस फसतो, पण सोन्याच्या आणि सोनमाखीच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक आहे : पाण्याच्या मानानं सोनं १९ पट जड, सोनमाखी पाच पट. पिवळ्याच्या बाजूला जे रुपेरी, सुईसारखे तुकडे होते ते आर्सेनोपायराइट. लसूण त्यांचा.

"म्हणजे सोनं नाहीच?" पुतण्यानं विचारलं.

आहे. इथंच लोकांचा गोंधळ होतो. सोनमाखी म्हणजे सोनं नव्हे, पण या डोंगरात सोनं सोनमाखीच्याच संगतीनं आलेलं आहे. ते का, हे समजून घेतलं तर खाण का निघाली आणि का मेली, दोन्ही कळतं.

बेळगाव शहर ज्या काळ्या कातळावर बसलंय तो दख्खनचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून झालेला. पन्हाळा, राजगड, प्रतापगड सगळे त्याच कातळाचे. त्यात सोन्याची खाण निघायची नाही. गोकाकचा धबधबा जिथून ५२ मीटर खाली कोसळतो तो कलादगीचा वालुकाश्म, बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुना. पण कित्तूर, बैलहोंगलकडे उतरलात की आणखी जुना खडक उघडा पडतो. हिरवट, पानासारखे पापुद्रे सुटणारा. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात त्याला धारवाडचं नाव दिलं आणि आज जगभरच्या भूशास्त्रात 'धारवाड' हा शब्द त्यासाठीच चालतो. दक्षिणेतलं सोनं जवळजवळ सगळं याच जातीच्या प्राचीन खडकपट्ट्यांत आहे. कप्पतगुड्डा अशाच एका पट्ट्यात मोडतो. तो पट्टा खाली चित्रदुर्गापर्यंत जातो.

हे खडक मुळात समुद्राच्या तळावरचा लाव्हा, गाळ आणि लोखंडानं भरलेले गारगोटीचे पट्टे. पुढे भूकवचाच्या हालचालीत ते दाबले गेले, दुमडले, उभे झाले आणि त्यांच्यात खोल फटी पडल्या. त्या फटींतून खालून गरम पाणी वर आलं. सोनं साध्या पाण्यात विरघळत नाही, पण त्या पाण्यात गंधक होतं आणि गंधकाचा हात धरून सोनं प्रवास करू शकतं. वर येता येता ते पाणी लोखंडी खडकाला भिडलं. गंधकानं लोखंडाला धरलं, सोनमाखी झाली, आणि हात सुटलेलं सोनं तिथंच बसलं. उरलेल्या सिलिकेचा क्वार्ट्‌झ होऊन फट भरली. अशा भरलेल्या फटीला शीर म्हणतात. गदगच्या सोन्याबरोबर आलेल्या खनिजांचं वय किरणोत्सारी पद्धतीनं काढलंय : सुमारे २५२ कोटी वर्षं. तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हतं, गवत नव्हतं, प्राणी नव्हता. मला आजही हा आकडा उच्चारताना भरून येतं. आपल्या गळ्यातल्या मंगळसूत्राचं सोनं कुठल्याही खाणीतलं असो, ते असंच कधीतरी कुठल्यातरी फटीत येऊन बसलेलं असतं.

आता या फटीच्या वरच्या भागाचा विचार करा. जमिनीतलं पाणी जिथपर्यंत उतरतं तिथपर्यंत हवा आणि ओल यांनी सोनमाखी गंजते. तिचा तांबडा गेरू होतो, खडक पोखरल्यासारखा होतो आणि आत कोंडलेले सोन्याचे कण मोकळे होतात. असा दगड कुटून धुतला की सोनं हाताला लागतं. पण पाण्याच्या पातळीखाली सोनमाखी ताजी, घट्ट असते. सोन्याचे अतिसूक्ष्म कण तिच्या पोटात अडकलेले. ते कुटून सुटत नाहीत, पाऱ्याला धरत नाहीत. वरचा मऊ थर संपला की जुन्या काळचा माणूस थांबतो, तो यामुळे. आणि नवा माणूस मशीन घेऊन येतो तेव्हा त्याच्या वाट्याला हा खालचा, हट्टी दगड उरतो.

जुन्या काळचा माणूस इथं आला होता यात शंका नाही. डोंगराच्या अंगावर जुन्या खोदकामाचे खड्डे आहेत. गदगपासून बारा किलोमीटरवर लक्कुंडी, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं मोठं शहर. तिथं टाकसाळ होती आणि शिलालेखांत 'लोक्किगुंडी गद्याण' अशा सोन्याच्या नाण्याचा उल्लेख येतो. टाकसाळ सोन्याच्या डोंगराच्या पायथ्याशीच असावी हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. लक्कुंडीची देवळं ज्या हिरवट मऊ दगडात कोरलीत तोही धारवाडच्याच कुळातला.

डोंगर खोदण्यापेक्षा ओढे धुण्याचा धंदा जास्त टिकला. पावसानं डोंगरातलं सोनं सुटून ओढ्यात येतं आणि जड असल्यामुळे वळणावर, दगडाच्या आडोशाला बसतं. १८४० च्या आसपास कॅप्टन न्यूबोल्डनं या डोंगराच्या ओढ्यांत सोनं धुणाऱ्या जलगारांबद्दल लिहिलं. १८७४ मध्ये फूटनं याच डोंगरावर स्वतंत्र लेख छापला. त्यात डोणी, सोरटूरकडचे ओढे आहेत, अत्तीकट्टीजवळची क्वार्ट्‌झची शीर आहे. जलगारांजवळ लाकडी पाटी, आखूड दांड्याचं खोरं, थोडा पारा. गदगकडे पाऊस वर्षाला जेमतेम सहाशे मिलीमीटर, म्हणजे बेळगावच्या निम्मा. ओढ्याला पाणी असेल तेवढेच दिवस काम, बाकी शेतमजुरी. आपल्या बेळगाव जिल्ह्यातही बेळवडी, बैलहोंगल, मुरगोडकडच्या ओढ्यांत असं सोनं सापडत असल्याचं एकोणिसाव्या शतकातले इंग्रज लिहून गेलेत. शिवाजी महाराजांच्या सैन्याला टक्कर देणाऱ्या मल्लाबाईंची बेळवडी ती हीच.

जलगार म्हणजे आमच्या गल्लीतले झारेकरी. ते ओढा धुतात, हे सोनाराच्या दुकानातला केर, गटारातला गाळ, बागेसरीची, म्हणजे सोनाराच्या शेगडीची, राख धुतात. पाटी तीच, हाताचं वळण तेच. हे डोक्यात आल्यावर मी पुतण्याला म्हटलं, प्रयोगशाळेची चिठ्ठी बाजूला ठेव, मावशींना बोलव.

मावशी महिन्या-दोन महिन्यांनी आमच्या गल्लीत येतात. वय सत्तरीच्या पुढं. त्यांची सासू माझ्या आजोबांच्या दुकानात यायची. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली, गल्लीतल्या निम्म्या बागेसऱ्या विझल्या, तेव्हा केरही बंद झाला आणि त्यांचं घर उपाशी राहिलं, हे त्या अजून सांगतात.

दगड आम्ही कोरडे कुटले नाहीत, ओले करून कुटले, म्हणजे धूळ नाकात जाणार नाही. हातमोजे घातले. पोत्यातले चार वेगवेगळे तुकडे घेतले, चमकणारे दोन आणि न चमकणारे दोन. हे मुद्दाम. दलालानं प्रयोगशाळेत नेलेला तुकडा त्यानं स्वतः निवडलेला होता, आणि सोन्याच्या बाबतीत निवडलेल्या एका दगडाचा आकडा खाणीबद्दल काही सांगत नाही. सोनं खडकात मिठासारखं सारखं पसरलेलं नसतं. भेळेतल्या शेंगदाण्यासारखं असतं : एका घासात चार, पुढच्या दहा घासांत एकही नाही. म्हणून खाणीत शिरेच्या आडव्या रुंदीवर, ठरावीक अंतरानं खाच पाडून, चांगलं-वाईट सगळं गोळा करून नमुने घेतात, तेही शेकड्यानं. दलालाची चिठ्ठी खोटी होती असं मी म्हणत नाही. ती त्या एका तुकड्यापुरतीच होती.

मावशी नळाजवळ बसल्या. पाटीत भुगा घेतला, पाणी घातलं आणि मनगट फिरवायला लागल्या. पांढरा क्वार्ट्‌झ आधी वाहून गेला. मग बराच वेळ राखाडी. मग शेपटीसारखी काळी-पिवळी रेघ उरली, ती सोनमाखीची. त्यांनी बोटाच्या टोकानं पाण्याचा एक-एक थेंब सोडत ती रेघ मागं सारली. पुतण्या आणि मी श्वास धरून वाकलो होतो. शेवटी पाटीच्या कडेला तीन ठिपके दिसले. खसखशीपेक्षा बारीक, पण रंग असा की त्याला कसोटी लागत नाही.

"सोनं हाय," मावशी म्हणाल्या. "पण ह्या पोत्याला मी पन्नास रुपये देणार नाही बाळा. तुझ्या दुकानचा केर दे, त्याला देतो."

मी त्याच जागी हिशेब मांडला. मावशींना दहा किलो केरातून एक गुंज सोनं निघालं असं धरू. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम. दहा किलोला ०.१२, म्हणजे टनाला १२ ग्रॅम. आज खोल खाणींत टनाला तीन ते पाच ग्रॅम मिळालं तरी ती खाण चालते. सराफ गल्लीचा केर म्हणजे डोंगरापेक्षा श्रीमंत खनिज. झारेकऱ्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो काही उगीच नाही. आणि दगडाचा हिशेब उलटा लावला तर टनाला चार ग्रॅम असलेल्या दगडातून, सगळंच्या सगळं हाती आलं तरी, एका तोळ्याला जवळपास तीन टन दगड कुटावा लागतो. सोनमाखीत कोंडलेल्या सोन्यापैकी निम्मंच हाती आलं तर सहा टन. राड्याचा ढीग तर त्याहून गरीब, कारण चांगला माल तेव्हाच निवडून दगड कुटायच्या गिरणीत गेलेला असतो.

कंपन्यांचंही शंभर वर्षांपूर्वी हेच झालं. १८८० च्या सुमारास वायनाडमध्ये सोन्याच्या शेअरांचा मोठा फुगा उठला आणि दोन-तीन वर्षांत फुटला. पण त्याच सुमारास कोलारला खोदकाम लागलं आणि तिथं मात्र खरंच घबाड निघालं. कोलार तीन किलोमीटरहून खोल गेली, १२० वर्षं चालली, आठशे टनांच्या आसपास सोनं देऊन २००१ साली बंद पडली. कोलारच्या यशानं धारवाडच्या प्रत्येक टेकडीला भाव आला. गदगपर्यंत सदर्न मराठा रेल्वे १८८४ मध्येच पोचली होती, जड यंत्रं आणता येत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कप्पतगुड्डाच्या पट्ट्यात खाणी उघडल्या : होसूर, कबुलायतकट्टी, सांगली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मॅक्लारेननं पाहणी केली आणि १९०६ मध्ये दक्षिणेतल्या सोन्याच्या पट्ट्यांवर लेख प्रसिद्ध केला. सांगलीत त्या वेळी दत्तक चिंतामणराव अल्पवयीन, कारभार इंग्रज अधिकाऱ्यांकडे. १९१० मध्ये त्यांना अधिकार मिळाले त्या सुमाराला खाणींची घरघर लागली होती, आणि पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आत गिरण्या थांबल्या.

का थांबल्या? 'सोनं संपलं' हे शिरहट्टीकडे ऐकू येणारं उत्तर मला पटत नाही. शिरा तुटक होत्या. एखादी जाड होते, दहा-वीस पावलांवर बोटाएवढी होते, पुढं नाहीशी. कोलारच्या चॅम्पियन शिरेसारखी सलग कित्येक किलोमीटरची शीर इथं नव्हती. वरचा गंजलेला थर जुन्या लोकांनी आधीच खाल्लेला, खाली तो कोंडलेला दगड. सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवून काढायची पद्धत तेव्हा माहीत होती, पण आर्सेनिकवाल्या दगडावर ती अर्धी लंगडी पडते. आधी दगड भाजावा लागतो, आणि भाजला की सोमल. कोलारला १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली. कप्पतगुड्डाला ना वीज, ना बारमाही पाणी, ना इंधनाचं जंगल. यातली एक अडचण असती तर निभावलं असतं. सगळ्या एकाच उतारावर भेटल्या.

पुतण्याला एवढ्यानं समाधान नव्हतं. "एकदा जागा बघूया की काका," म्हणाला. म्हणून एका रविवारी पहाटे निघालो. कित्तूर, धारवाड, हुबळी करत गदग, तिथून मुंडरगीच्या वाटेनं डोंगराकडे. कप्पतगुड्डा लांबून उघडाबोडका वाटतो, माथ्यावर पवनचक्क्यांची रांग. जवळ गेलं की झुडपं, औषधी वनस्पती, उन्हानं तापलेल्या मातीचा वास. माथ्यावरच्या गाळी गुंडी बसवण्णाला जाणारे लोक आम्हाला वाटेत भेटले.

मे २०१९ पासून इथली २४४ चौरस किलोमीटर जागा वन्यजीव अभयारण्य आहे. ते सहज झालेलं नाही. २०१५ च्या डिसेंबरात संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला, वर्षभरात काढून घेतला गेला, मग गदगमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि २०१७ मध्ये तो परत मिळाला. त्या लढ्याच्या पुढं तोंटदार्य मठाचे सिद्धलिंग स्वामीजी होते. २०१८ मध्ये ते गेले, अभयारण्याची घोषणा बघायला राहिले नाहीत. मी स्वतः आयुष्यभर खनिजं शिकवली, खाण म्हटली की माझे पाय तिकडे वळतात. तरी सांगतो, या डोंगराच्या बाबतीत गदगकर बरोबर होते. टनाला चार ग्रॅमसाठी आर्सेनिक असलेला दगड पीठ करून उताराच्या माथ्यावर ढिगानं ठेवायचा, आणि खालची गावं त्याच उताराचं पाणी पिणार.

हद्दीबाहेरच्या ओढ्याजवळ एक म्हातारे धनगर मेंढरं घेऊन बसले होते. खाण कुठं म्हणून विचारल्यावर त्यांनी काठीनं वर दाखवलं आणि लगेच म्हणाले, "ओळग होगब्याड्री." आत जाऊ नका. त्यांची एक मेंढी जुन्या विहिरीत, म्हणजे खाणीच्या उभ्या खड्ड्यात पडली होती. खड्ड्याच्या तोंडावर गवत वाढतं, कड आतून पोकळ होते, पाय ठेवला की सुटते. आडव्या बोगद्याचं आणखी वेगळं : लाकडी टेकू कधीच कुजलेले, आणि गंजणारी सोनमाखी हवेतला प्राणवायू खाते. दहा पावलं आत गेलेल्या माणसाला काही त्रास न जाणवता भोवळ येऊ शकते. आम्ही आत गेलो नाही. परवानगी नव्हती, आणि असती तरी मी पुतण्याला नेलं नसतं. ओढ्याच्या पात्रात पांढऱ्या क्वार्ट्‌झचे गोटे होते, गेरूनं तांबडे झालेले. जलगार इथंच बसत असतील. त्या वळणावर आम्ही बराच वेळ बसलो.

परत आल्यावर अण्णांसमोर सगळं मांडलं. दगडाचा भाग त्यांना मावशींच्या तीन ठिपक्यांनीच पटला होता. राहिला कायदा. सोनं हे १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यातलं प्रमुख खनिज आहे. २०१५ च्या दुरुस्तीपासून त्याचा नवा खाणपट्टा सरकारी लिलावातूनच मिळतो. अभयारण्यातून दगड उचलणं हाच गुन्हा. म्हणजे दलाल जो हिस्सा विकत होता तो विकायचा अधिकारच त्याच्याकडे नव्हता. राडा सोन्यानं भरलेला असता तरी सहा लाखांच्या बदल्यात पुतण्याच्या हातात कागदाशिवाय काही पडलं नसतं, आणि पोतं दुकानात सापडलं असतं तर जबाब त्यालाच द्यावा लागला असता.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "संस्थानच्या नावाला मी भुललो रे." त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं मी त्यांना सांगितलं आणि ते मला मनापासून वाटतं. नावाची ओढ खरी असते. शिरहट्टी आणि शहापूर एका दप्तरात होते हे किती जणांना ठाऊक आहे? अण्णांना होतं म्हणून मला ही गोष्ट इथपर्यंत नेता आली.

पोतं दलालाला परत गेलं. त्यानं घेतलं, काही बोलला नाही. ती मूस मात्र आम्ही पुन्हा वापरली नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करून, वर लिहून, घातक कचरा घेणाऱ्यांकडे दिली. ज्या टेबलावर धूर बसला होता ते ओल्या फडक्यानं तीनदा पुसलं, झाडूनं झटकलं नाही. दुकानात आता एक नियम आहे : खाणीतला म्हणून आलेला कुठलाही दगड आगीजवळ जाणार नाही.

पुढच्या महिन्यात मावशी आल्या तेव्हा केराचं पोतं नेहमीसारखं दाराशी ठेवलेलं होतं. पुतण्यानं ते उचलून दिलं नाही. शर्टाच्या बाह्या वर केल्या, नळाजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "मावशी, पाटी मला धरायला शिकवा की." त्यांनी त्याच्याकडे बघितलं, पदर खोचला, मागून त्याची दोन्ही मनगटं धरली आणि पाणी सोडायला सांगितलं.